कोकणातल्या घराला एएसी ब्लॉक की चिरा? नवं साहित्य कशाच्या भरवशावर निवडायचं?

वाशिष्ठीकाठी

नमस्कार मंडळी. मी चिपळूणला वास्तुविशारद आहे. इथले बांधकामाचे धागे नेहमी वाचते, आज स्वतः काढतेय कारण हातात एक काम आहे आणि निर्णय पुढे ढकलता येण्यासारखा नाही.

गुहागरच्या बाजूला, समुद्राला लागूनच, तळमजला आणि वर एक मजला असं घर करायचं आहे. मालक मुंबईची नोकरी संपवून गावी येतायत. त्यांच्या कंत्राटदाराने एएसी ब्लॉक, म्हणजे फुगवलेल्या हलक्या काँक्रीटचे ठोकळे, सुचवले आहेत. काम झपाट्याने उरकेल, माल कमी लागेल, घर थंड राहील असं त्याचं म्हणणं. मालकांच्या वडिलांचा जीव मात्र चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यात. गावातलं प्रत्येक घर जांभ्याचं आहे आणि आपलंच तेवढं 'पावाच्या तुकड्यांचं' का, हा त्यांचा प्रश्न.

माझ्या ऑफिसात सतत कुणीतरी नमुन्यांची पेटी घेऊन येतं. ब्लॉक, पोत्यातला तयार गिलावा, जिप्सम, काचतंतूंच्या सळया, यूपीव्हीसी खिडक्या. माहितीपत्रकात सगळंच उत्तम असतं. पण आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही वाऱ्याबरोबर आडवा. हवा खारी. २२ जुलै २०२१ ला अख्खं चिपळूण पाण्याखाली होतं. पूर ओसरल्यावर मी जी घरं पाहिली त्यात आतल्या भिंतींचं जिप्सम नखाने खरवडून निघत होतं, आणि त्याच गल्लीतल्या जुन्या चिऱ्याच्या भिंती धुऊन घेतल्यावर पुन्हा वापरात आल्या. म्हणून माझं मत असं झालंय की कोकणात कुठलंही नवं साहित्य चार-पाच पावसाळे पाहिल्याशिवाय सुचवू नये. पण मग नवं कधी येणारच नाही, हेही कळतं.

ब्लॉकची भिंत किनाऱ्यावर टिकलेली कुणी पाहिली आहे का? आणि नवं काही सुचवण्याआधी तुम्ही नेमकं काय तपासता?

देवरुखचा_पावणा

आमच्या गावात पहिल्यांदा ब्लॉकची गाडी आली तेव्हा म्हाताऱ्या गवंड्याने एक उचलून पाहिला आणि विचारलं, "ह्यो पान्यात तरंगंल काय रं?" पोरांनी लगेच विहिरीत टाकला. तरंगला! दुपारपर्यंत अर्धा गाव विहिरीवर जमला होता. काम त्या दिवशी काही झालं नाही.

ओळंबा

तरंगणारच. एएसीची घनता घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. सिमेंट, चुना, राख किंवा वाळूचं पीठ यांच्या पातळ मिश्रणात किंचित ॲल्युमिनियमची पूड घालतात. चुन्याशी तिची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि ढोकळ्यासारखं सगळं फुलून येतं. मग तारेने कापून मोठ्या बंद टाक्यांमध्ये दाबाच्या वाफेवर काही तास शिजवतात. ही युक्ती स्वीडनची, १९२० च्या दशकातली. त्यामुळे 'नवीन' म्हणताना जपून, शंभर वर्षं होत आली. पुण्या-मुंबईकडे जुने लोक अजूनही 'सिपोरेक्स' म्हणतात, तेही मूळ स्वीडिश ब्रँडचंच नाव.

वाशिष्ठीताई, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट सांगायची राहिलीय. घर भारवाही भिंतींचं आहे, म्हणजे छताचा भार भिंतीच घेणार, की आरसीसी (सळई-काँक्रीटच्या) बीम-कॉलमच्या चौकटीचं? तीन मीटर उंचीची नऊ इंची विटेची भिंत घेतली तर एका धावत्या मीटरला सुमारे १३०० किलो भार येतो. तीच २०० मिलिमीटरच्या ब्लॉकची केली तर ४०० च्या आत. सात-आठ मजली चौकटीत हा फरक प्रत्येक बीम, कॉलम आणि पायात उतरतो आणि सळईचे पैसे खरोखर वाचतात. पण दोन मजली कोकणी घर चिऱ्याच्या भारवाही भिंतींवर सहज उभं राहतं. तिथे ब्लॉक वापरायचे म्हणून तुम्ही चौकट उभी करणार असाल, तर जे वाचवायला निघालात तेच आधी खर्च कराल. कंत्राटदाराने दरात चौकट धरली आहे का, ते आधी विचारा.

वाशिष्ठीकाठी

@ओळंबा, दरपत्रकात चौकट धरली आहे, आणि चिऱ्याच्या पर्यायातही तीच धरून तुलना केली आहे! हे माझ्या नजरेत आलं होतं पण तुम्ही म्हणता तितकं स्वच्छ मांडता येत नव्हतं. चिरा घेतला तर चौकट काढून दोन्ही खर्च पुन्हा मांडायला लावते.

लीड्सवासी_ठाणेकर

इंग्लंडमध्ये याच फुगवलेल्या काँक्रीटमुळे केवढा गोंधळ झाला ते लक्षात आहे ना? ३१ ऑगस्ट २०२३ ला, सुट्टी संपून शाळा उघडायच्या अगदी तोंडावर, सरकारने शंभरावर शाळांना इमारतीचे भाग बंद करायला सांगितलं. माझ्या मुलीच्या मैत्रिणीची शाळा त्यात होती. मुलं कितीतरी दिवस तंबूसारख्या तात्पुरत्या वर्गांत बसत होती. केंटमध्ये एका प्राथमिक शाळेचं छत २०१८ मध्येच कोसळलं होतं, सुट्टीचा दिवस होता म्हणून मुलं वाचली. हे सगळं पाहिल्यावर मी तरी आईवडिलांच्या घरात हे साहित्य घालणार नाही.

ओळंबा

@लीड्सवासी, तुमची काळजी रास्त आहे, पण ती वस्तू वेगळी. तिथे पडल्या त्या सळई घातलेल्या छताच्या फळ्या, म्हणजे तेच काँक्रीट पण वाकवणारा भार घेणारं. १९५० पासून १९९० च्या दशकापर्यंत सपाट छतांवर त्या सर्रास टाकल्या. छतावर पाणी साचलं, सच्छिद्र काँक्रीटमधून आत मुरलं, सळई गंजली, आणि कित्येक ठिकाणी फळीचं टोक भिंतीवर टेकलं होतं जेमतेम. आपल्याकडच्या भिंतीच्या ब्लॉकमध्ये सळई नसते आणि तो चौकटीत नुसता भरलेला असतो. त्या अपघातावरून घ्यायचं ते एवढंच, की हे साहित्य पाणी पितं. ते भिंतीलाही लागू आहेच.

लीड्सवासी_ठाणेकर

हा फरक इथल्या बातम्यांत कुणी इतक्या सरळ सांगितला नव्हता. धन्यवाद. तरी 'पाणी पितं' हे वाक्य गुहागरसाठी पुरेसं काळजीचं आहे असं मला वाटतं.

अभ्यासू_अनघा

स्वीडनचा विषय निघालाच आहे म्हणून. तिथे १९२९ ते १९७५ या काळात या काँक्रीटचा एक प्रकार तुरटीयुक्त शेल खडकापासून बनायचा. रंगाने निळसर, म्हणून त्याला 'निळं काँक्रीट' म्हणत. त्या खडकात युरेनियम, त्यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू. हजारो घरं बांधून, लोक राहून, मुलं मोठी होऊन गेल्यावर हे ध्यानात आलं आणि उत्पादन बंद झालं. आपल्याकडचे ब्लॉक त्या खडकाचे नसतात, त्यामुळे घाबरवायचा हेतू नाही. पण वाशिष्ठीताईंची चार-पाच पावसाळ्यांची अट मला मुळीच अवाजवी वाटत नाही.

गवंड्याचा_मुलगा

मी कराडला कंत्राटं घेतो, अलीकडे बहुतेक कामं ब्लॉकची. तड्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण ब्लॉकची बदनामी निम्म्याहून जास्त हाताळणीमुळे झाली आहे.

विटेच्या गवंड्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की वीट भिजत घाल. तो ब्लॉकवरही पाइप सोडतो. ब्लॉक पाणी ओढून फुगतो, भिंत उभी राहते, मग महिनाभर वाळत वाळत आकसतो आणि गिलाव्यावर कोळ्याचं जाळं उमटतं. ब्लॉकला फक्त पृष्ठभागावर ओलसर हात फिरवायचा. दुसरं, कारखान्यातून कोमट असलेला माल थेट भिंतीला लावू नका. आवारात रचून, वरून झाकून, वाळू द्या. उघड्या पावसात भिजलेला ढीग तर नकोच.

सांधा तीन मिलिमीटरचा, तोही पोत्यातल्या खास चिकट मालाचा. आमच्याकडे अजून लोक अर्धा इंच सिमेंट-वाळू भरतात, मग ब्लॉकच्या नेमक्या मापाचा उपयोग काय? दर मीटर-सव्वामीटर उंचीला आरसीसीची पातळ पट्टी. बीमच्या खाली शेवटचा थर घाईने ठोकून बसवायचा नाही. बोटभर फट सोडायची, भिंत बसू द्यायची, मग ती भरायची. कॉलम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना वीतभर कोंबडीजाळी. आणि गिलावा दणकट नको. एकास तीनचा कडक माल मऊ ब्लॉकवर टिकत नाही, सुटून येतो. एकास सहा पुरे, जाडीही बेताची.

एवढं केलेल्या माझ्या भिंतींना तडे नाहीत. पण हे सगळं करणारा गवंडी मिळायला हवा. कराडला मिळतो, गुहागरला मिळेल का हे ताईंनी बघायचं.

सुशांत_सा

आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये सगळ्या भिंती ब्लॉकच्या आहेत. गिझर लावायला आलेल्या माणसाने साधा खुंटा ठोकला आणि आठवड्यात गिझर झुकला. मग दुसऱ्याने लांब खास अँकर लावून नीट बसवलं. नव्या घरात पंखा, गिझर, स्वयंपाकघराची कपाटं कुठे येणार हे आधीच ठरवून तिथे काँक्रीटचा ठोकळा भरून घ्या.

मधुरा_क

@सुशांत_सा अगदी. मी अंतर्गत सजावटीची कामं करते, मॉड्युलर कपाटं बसवायला गेलं की पहिला प्रश्न हाच.

जिप्समवर थोडं. ते वाईट नाही, जागा चुकते. पाणी मारावं लागत नाही, भिंत आरशासारखी येते, पुण्यात आतल्या खोल्यांना मी आनंदाने वापरते. न्हाणीघर, बाहेरची बाजू, जिथे ओल चढते अशी तळमजल्याची भिंत आणि पूररेषेच्या खालचं काहीही, तिथे नको. चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजल्यावर जिप्सम मारणारा २००५ चा पूरही विसरला आणि २०२१ चाही. हीच गोष्ट एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीच्या, कपाटांची. पुराच्या भागात खालची कपाटं सिमेंट बोर्डाची किंवा कडाप्प्याची करा.

चंद्रपुरी_उन्हाळा

तुम्ही पावसाचं बोलताय, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. आमच्या भागात वीज केंद्राची राख मुबलक, त्यामुळे राखेच्या विटा स्वस्त आणि सगळीकडे. पण राखेची वीट घर थंड ठेवते हा गैरसमज आहे. ती घट्ट आणि जड असते, उष्णता अडवण्यात लाल विटेपेक्षा फार वेगळी नाही. एएसीची उष्णतावहनाची क्षमता मात्र लाल विटेच्या चौथाई-तिसऱ्या हिश्शावर येते, तिथे फरक अंगाला जाणवतो. पश्चिमेची भिंत तेवढी ब्लॉकची करून मी माझ्या भावाच्या घरात पाहिलं, संध्याकाळी हात लावला तर शेजारच्या भिंतीपेक्षा स्पष्ट कमी तापलेली. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या केंद्राच्या इको निवास संहितेत (२०१८) भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा आहे आणि छतासाठी वेगळी अट आहे. एक-दोन मजली घरात छताकडे आधी बघा. उन्हाचा मारा वरून सगळ्यात जास्त असतो आणि लोक भिंतींवर भांडत बसतात.

देवरुखचा_पावणा

कोकणात छत म्हणजे कौलं हो! मंगलोरी कौलाखाली वाशांना फळ्या ठोकल्या की झालं.

वाशिष्ठीकाठी

@देवरुखचा_पावणा, वरच्या मजल्याला उतरतं छपर आणि कौलंच ठरली आहेत. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडे कौलं आणि पत्रे पानांसारखे उडाले ते विसरता येत नाही. वळचणीच्या आणि कोनाच्या ओळी तारेने किंवा स्क्रूने बांधून घेणार आहे. हे सांगितल्यावर मालक म्हणाले, "आमच्या आजोबांनी नव्हती बांधली." त्यांच्या आजोबांच्या घराभोवती गर्द बाग होती, ते आता मोकळ्या माळावर बांधतायत.

खाणीजवळचा

राजापूरचा. घरची चिऱ्याची खाण होती, आता नाही, त्यामुळे विक्रीचा हेतू नाही. चिरा चिरा म्हणून सगळा सारखा नसतो, हे शहरातल्या लोकांना माहीत नसतं. वरच्या कडक कवचाखालचा थर चांगला, त्याखाली जसजसं उतराल तसा दगड मऊ आणि पांढऱ्या मातीच्या डोळ्यांचा होतो. यंत्राने कापायला लागल्यापासून खाणी खोल गेल्या आणि तोच मऊ माल सरळ धारांचा, दिसायला देखणा होऊन येतो. तुम्ही दोन चिरे एकमेकांवर आपटून बघा. खणखणीत वाजला पाहिजे, बदबद नाही. पांढरे-पिवळे डोळे जास्त असतील तर परत पाठवा. खाणीतून काढल्यावर हवेवर काही आठवडे ठेवला की तो आणखी कडक होतो, म्हणून ताजा कापलेला लगेच लावू नये.

ओळंबा

@खाणीजवळचा यांच्या खणखणाटाला कागदाचा आधारही आहे. जांभ्याच्या ठोकळ्यांसाठी आयएस ३६२० हे भारतीय मानक आहे. दाबशक्ती चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन, पाणी शोषण वजनाच्या १२ टक्क्यांच्या आत. पाच-सहा चिरे उचलून जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्या. ब्लॉकच्या चाचण्या मागणारे वास्तुविशारद चिऱ्याची चाचणी कधीच मागत नाहीत, जणू आजोबांचा म्हणून तो आपोआप पास.

आणि ताई, भारवाही चिरा म्हणजे पट्ट्या विसरायच्या नाहीत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप चिपळूणच्या उशाशी झाला. जोत्याला, छज्ज्याच्या पातळीला आणि भिंतीच्या माथ्याला सलग आरसीसी पट्टी, कोपऱ्यांत उभी सळई. आयएस ४३२६ मध्ये हे सगळं आकृत्यांसह आहे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला माणसं मेली ती जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या मातीच्या माळवदाखाली. त्या भिंतींना एकत्र बांधून ठेवणारं काहीच नव्हतं.

मांडवीतीर

गोव्याहून. चिऱ्याच्या बाजूचा आहे, तरी एक इशारा. हल्ली सगळ्यांना चिरा उघडा हवा असतो, लालबुंद, वर नुसतं पॉलिश. फोटोत छान दिसतं. जुन्या गोव्याचं बाँ जेझूस चर्च बघा, १६०५ मध्ये अभिषेक झालेलं. आज ते उघड्या जांभ्याचं म्हणून प्रसिद्ध आहे, पण मुळात त्याला चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या हट्टापायी काढला गेला आणि तेव्हापासून प्रत्येक पावसाळा त्या दगडाला थोडा थोडा खातोय. गिलावा परत द्यावा असं जतन करणारे कळकळीने सांगतायत, आणि लोकांना तो लाल रंग इतका सवयीचा झालाय की ते मान्य होत नाही.

गावातल्या जुन्या घरांचा चिरा उघडा असूनही टिकला, कारण वर तीन-चार फूट बाहेर आलेली वळचण होती आणि पडवी होती. वळचण कापून बॉक्ससारखं घर करायचं आणि चिराही उघडा ठेवायचा, हे चालणार नाही. उघड्या चिऱ्यावर चकचकीत लॅकर मारू नका, आतली ओल बाहेर पडायला वाव राहत नाही आणि पापुद्रे सुटतात. लावायचंच तर श्वास घेऊ देणारं सिलेनच्या जातीचं द्रव्य.

आजीचा_ओटा

माझ्या माहेरी मालवणजवळ पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्याआधी माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे. त्या भिंतीचा चिरा अजून कोरा करकरीत आहे. त्याला कुठली कंपनी नव्हती. :)

मांडवीतीर

@आजीचा_ओटा, ताई, हा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद आहे. बांबूच्या चौकटीत झाप बसवून तो पश्चिमेला कायमचा पडदा म्हणून डिझाइन करता येईल. कुडाळला बांबूवर काम करणारी कॉनबॅक ही संस्था आहे. सिंधुदुर्गातला माणगा भरीव आणि सरळ असतो, बोरिक आम्ल-बोरॅक्सची प्रक्रिया केली की किडत नाही. २०१७ मध्ये वन कायद्यातून बांबू 'झाड' या व्याख्येबाहेर आला, त्यामुळे जंगलाबाहेरचा बांबू तोडायला नि न्यायला पूर्वीसारखे परवाने लागत नाहीत.

सळईसम्राट

समुद्राजवळ काम आहे तर काचतंतूंच्या सळयांचा विचार करा. गंज नाही, वजन लोखंडाच्या चौथाई. आता तर भारतीय मानकही आलं आहे.

ओळंबा

विचार करा, पण डोळे उघडे ठेवून. काचतंतूंची सळई ओढताना ताकदवान असते पण तिचा ताठपणा लोखंडाच्या साधारण चौथाई, त्यामुळे स्लॅब जास्त झोळतो. ती जागेवर वाकवता येत नाही, रिंगा कारखान्यातूनच घडवून आणाव्या लागतात. आणि तुटताना लोखंडासारखी आधी लांबून इशारा देत नाही. 'लोखंडाच्या जागी तेवढ्याच जाडीची टाका' असं कुणी सांगत असेल तर त्याला गणित मागा. जमिनीवरचा कोबा, कुंपणाचा पाया, धक्का, तिथे ती छान. घराच्या बीम-कॉलममध्ये, तेही भूकंपाच्या पट्ट्यात, मी घालणार नाही.

खाऱ्या हवेला स्वस्त उत्तर जुनंच आहे. स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं), पाणी कमी घातलेलं घट्ट काँक्रीट, सळईवर पुरेसं आवरण, आणि ते आवरण राखणारे ठोकळे. गिट्टीचे तुकडे नव्हेत! शिवाय मिक्सरला आणि पाणी मारायला विहिरीचं खारट पाणी अजिबात नाही. किनाऱ्यावरच्या कामात मी सर्वांत आधी पाण्याची चाचणी करतो.

अभ्यासू_अनघा

सिमेंटमध्ये खरोखर नवं काही घडतंय ते चुनखडी आणि भाजलेल्या मातीच्या सिमेंटमध्ये, ज्याला एलसी३ म्हणतात. स्वित्झर्लंडमधली ईपीएफएल, क्यूबातले संशोधक आणि आपल्या दिल्ली-मद्रासच्या आयआयटी यांनी मिळून ते पुढे आणलं. निम्मंच क्लिंकर (भट्टीत भाजून तयार होणारा सिमेंटचा मूळ घटक), तीस टक्के भाजलेली माती, पंधरा टक्के चुनखडी, बाकी जिप्सम. कर्ब उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत कमी. शिवाय सळई गंजवणारं खाऱ्या हवेतलं क्लोराइड आत शिरायला ते चांगलाच अटकाव करतं, म्हणजे किनाऱ्यासाठीच जणू. २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे मानक आलं. गावातल्या दुकानात अजून पोतं मिळत नाही ही खंत आहे, पण नाव लक्षात ठेवा.

गवंड्याचा_मुलगा

वाळूचंही लिहून ठेवतो. नदीची वाळू आता मिळत नाही आणि मिळू नये हेच बरं. क्रश सँड चांगलीच असते, पण क्रशरवाला धूळ धुतो की नाही ते बघा. आयएस ३८३ मध्ये दळलेल्या वाळूत बारीक भुकटीला १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, गाडीत येते कधी कधी त्याच्या कितीतरी पुढे. काचेच्या बाटलीत वाळू-पाणी हलवून ठेवा, वर गाळाचा थर किती बसतो ते दिसतं. गिलाव्याची वाळू वेगळी मागवा. एकाच ब्रासमधून स्लॅबही आणि गिलावाही काढला की भेगा ठरलेल्या, मग नाव ब्लॉकचं खराब.

सुशांत_सा

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच की. नवं साहित्य सुचवण्याआधी काय तपासायचं?

ओळंबा

मी काय करतो ते सांगतो. आधी भारतीय मानक आहे का आणि पोत्यावर-ब्लॉकवर आयएसआयचा शिक्का आहे का. मानकच नसेल इतकं नवं असेल तर दिल्लीच्या बीएमटीपीसीची (बांधकाम साहित्य आणि तंत्रज्ञानासाठीची केंद्राची परिषद) कामगिरी प्रमाणपत्र योजना आहे, तिथली कागदपत्रं मागतो. त्या कागदात साहित्य कुठे वापरू नये हेही लिहिलेलं असतं, मी ते पान आधी वाचतो. मग विक्रेत्याकडे माझ्या कामापासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा तीन जुन्या इमारतींचे पत्ते मागतो आणि पावसाळ्यातच जातो. उद्घाटनाचे फोटो मला नको असतात. मालकाला भेटून खिडकीखालची भिंत, न्हाणीघराची मागची बाजू आणि जोत्यालगतचा पट्टा बघतो. शेवटी, दुरुस्ती कोण करणार? पाच वर्षांनी तो सांधा भरायचा माल तालुक्याच्या ठिकाणी मिळेल का?

मधुरा_क

यात एक भर. जागेवरच एक नमुना भिंत बांधून घ्या, चार बाय चार फुटांची, खिडकीच्या कोपऱ्यासकट. ज्या गवंड्याकडून काम करून घ्यायचंय त्याच्याच हातून. पावसात राहू द्या. ग्राहकाला समजावायला त्याहून चांगलं काही नाही.

वाशिष्ठीकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. मालक, त्यांचे वडील आणि कंत्राटदार तिघांना समोर बसवून हा धागा वाचून दाखवला. झापांचा प्रतिसाद ऐकल्यावर मालकांचे वडील, म्हणजे घरचे आजोबा, उठून उभेच राहिले!

ठरलं ते असं. बाहेरच्या आणि मुख्य भिंती चिऱ्याच्या, भारवाही, तिन्ही पातळ्यांना पट्ट्यांसह. चौकट काढून टाकल्यावर चिऱ्याचा खर्च ब्लॉकच्या घरापेक्षा खाली आला. वरच्या मजल्यावरच्या आडभिंती ब्लॉकच्या, कारण तिथे स्लॅबवर हलकं वजन हवंच आहे आणि पावसाचा संबंध नाही. म्हणजे गवंड्यांचे हातही ब्लॉकवर बसतील. पश्चिमेला पडवी आणि तिच्या पुढे बांबूचा पडदा. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून चुन्याचा गिलावा, बाकी तीन बाजूंना चिरा उघडा पण वळचण साडेतीन फुटांची. सळई लोखंडाचीच, स्लॅग सिमेंट. जिप्सम नाही.

एकच अडचण, चुन्याचा गिलावा करणारा गवंडी आमच्याकडे मिळत नाही.

मांडवीतीर

फोंड्याच्या बाजूला जुनी घरं दुरुस्त करणाऱ्यांत आहेत, निरोप पाठवतो. चुना आधी मुरवून ठेवावा लागतो, तेव्हा त्याची सोय पहिल्या दिवसापासून करा. आणि चुन्याच्या गिलाव्यावर प्लास्टिक रंग मारायचा नाही, चुन्याचीच सफेदी.

खाणीजवळचा

चिरा पावसाआधी उतरवून घ्या ताई. एकदा खाणीत पाणी भरलं की दिवाळीपर्यंत कापणी बंद, आणि मग सगळेच एकदम मागायला येतात तेव्हा निवडून घ्यायला कुणी देत नाही. गाडी खाली होताना स्वतः उभ्या राहा, निदान प्रत्येक गाडीतले काही वाजवून बघा.

वाशिष्ठीकाठी

@खाणीजवळचा, पुढच्या आठवड्यातच जाते. आजोबाही येणार म्हणालेत, वाजवून बघायला.